सत्तावन्न किलोंचे मोल

पंधरा जानेवारी हा खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्मदिवस. महाराष्ट्र शासनाने २०२४ सालापासून तो राज्य क्रीडा दिन म्हणून मुक्रर केला आहे. कराडजवळच्या गोळेश्वर या लहानशा गावात १९२६ साली जन्मलेल्या या मल्लाचे नाव आता वर्षातून एकदा तरी राज्यातील शाळा-महाविद्यालयांत निघावे, ही योग्यच गोष्ट झाली. परंतु जयंत्यांना एक खोड असते. त्या माणसाला उंच चौथऱ्यावर बसवतात आणि त्याने विचारलेला प्रश्न मात्र खालीच ठेवून देतात. खाशाबांचा प्रश्न असा होता: माणूस आखाड्यात आपल्या तोलामोलाच्या प्रतिस्पर्ध्याशी झुंजतो तेव्हा आखाड्याबाहेर त्याच्या पाठीशी कोणी उभे राहायचे? आखाड्यापासून शेकडो मैल दूर, मीरा-भाईंदरसारख्या लोकल गाडीच्या वेळापत्रकावर जगणाऱ्या नगरातही हा प्रश्न आज तितकाच खरा आहे. त्याचे उत्तर शोधायचे तर खाशाबांची कहाणी पदकाच्या बाजूने न वाचता वजनकाट्याच्या बाजूने वाचली पाहिजे.

तराजूची नीती

कुस्ती असो वा मुष्टियुद्ध, आधुनिक द्वंद्वखेळाचा आरंभ शिट्टीने होत नाही. तो वजनकाट्यावर होतो. दोन्ही स्पर्धक तराजूवर उभे राहतात, ठरलेल्या मर्यादेत बसतात, आणि मगच एकमेकांसमोर येतात. वरवर पाहता ही एक तांत्रिक बाब आहे. वस्तुतः ती एक नैतिक भूमिका आहे. निसर्गाने एकाला धिप्पाड केले आणि दुसऱ्याला चणीने लहान ठेवले, एवढ्यावरून जय-पराजय ठरू नये. जे कमावलेले आहे त्याची परीक्षा व्हावी, जे आयते मिळाले आहे त्याची नव्हे, असे वजनगटाचा नियम सांगतो. १८९६ साली अथेन्सला पहिले आधुनिक ऑलिंपिक भरले तेव्हा कुस्तीत वजनगट नव्हते. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये ते आले आणि लहान चणीच्या माणसाला जगज्जेता होण्याची वाट मोकळी झाली.

या नियमाचे तत्त्वज्ञान एका वाक्प्रचारात सामावलेले आहे, आणि तो रूढ झाला एका मुष्टियोद्ध्यामुळे. अमेरिकेचा शुगर रे रॉबिन्सन १९४६ च्या डिसेंबरात वेल्टरवेट गटाचा जगज्जेता झाला. या गटाची मर्यादा १४७ पौंड, म्हणजे सुमारे ६६.७ किलो. हेवीवेट योद्ध्यांपुढे हा माणूस किरकोळच दिसायचा. परंतु त्याची चपळाई, त्याचे पदलालित्य आणि दोन्ही हातांतले सारखेच सामर्थ्य पाहिलेल्या जाणकारांना वाटे की साऱ्या गटांत याच्या तोडीचा कोणी नाही. ही गोष्ट मांडायची कशी? तेव्हा ‘पौंडास पौंड लावून पाहता सर्वश्रेष्ठ’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग त्याच्या नावाला कायमचा चिकटला. वजन वजा केल्यावर जे उरते ते खरे कर्तृत्व, हा त्याचा मथितार्थ.

आणि त्याच रॉबिन्सनने तराजूची ही लक्ष्मणरेषा ओलांडली तेव्हा काय घडले तेही बोलके आहे. २५ जून १९५२ रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये तो आपल्याहून सुमारे पंधरा पौंडांनी जड असलेल्या जोई मॅक्सिमशी लाइट हेवीवेटच्या किताबासाठी लढला. गुणांत तो पुढे होता. परंतु त्या रात्रीचा उकाडा असा भयंकर होता की पंचालाच मध्ये बदलावे लागले, आणि तेराव्या फेरीनंतर रॉबिन्सन आपल्या कोपऱ्यातून उठूच शकला नाही. कौशल्याने वजनाशी कितीही झुंज द्यावी. बाहेरची परिस्थिती वजनाच्या बाजूने उभी राहिली की कौशल्याचा श्वास तुटतो. त्यानंतर चारच आठवड्यांनी, २३ जुलै १९५२ रोजी, हेलसिंकी येथे एका मराठी मल्लाला याच सत्याचा वेगळ्या रीतीने अनुभव यायचा होता.

तांबड्या मातीचे वैभव आणि उणीव

महाराष्ट्राला कुस्तीची परंपरा शिकवावी लागत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात मल्लविद्येला जो राजाश्रय दिला त्याचे मूर्त रूप म्हणजे १९१२ साली उभे राहिलेले खासबाग मैदान. पेठापेठांतल्या तालमी, पहाटेचे जोर-बैठका, दुधातुपाचा खुराक, वस्तादाचा शब्द आणि यात्रेतले कुस्त्यांचे फड ही एक संपूर्ण संस्कृती होती. किंबहुना खेड्यातल्या निर्धन पोराला मान मिळवून देणारी ती एक सामाजिक शिडीच होती. तिचे ऋण मान्य करूनच तिची उणीवही सांगितली पाहिजे. मैदानात जोडी लावताना वजन-उमेदीचा अंदाज घेतला जाई, हे खरे. पण मैदानाचे सारे आकर्षण एकवटलेले असे ते शेवटच्या, मोठ्या कुस्तीवर. नारळाच्या आणि रेवड्यांवरच्या कुस्त्या लहानांच्या; गदा, फेटा आणि मोठा इनाम थोराड देहाच्या मल्लाचा. पैलवान म्हटला की डोळ्यांपुढे उभा राहायचा तो अडीच मणांचा, मानेला घडी पडलेला देह. पन्नास-पंचावन्न किलोंचा चपळ गडी कौतुकाचा विषय होई, कीर्तीचा नव्हे.

अशा जगात खाशाबा वाढले. वडील दादासाहेब स्वतः मल्ल. पाच मुलांत खाशाबा धाकटे. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलात आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात. बेचाळीसच्या चळवळीच्या दिवसांत विद्यार्थिदशेतच त्यांनी भूमिगतांना साहाय्य केले. बाबूराव बलवडे आणि बेलापुरे गुरुजी यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांच्या कुस्तीला आकार आला. चण लहान, पण अंगात विलक्षण चपळाई. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. आपल्याहून जड गड्याला त्याच्याच रेट्याच्या आधाराने उलथवण्याची ही विद्या. मातीतल्या लहान माणसाने मोठ्यांच्या जगात टिकून राहण्यासाठी जे शोधून काढावे लागते तेच त्यांनी शोधले होते, आणि पुढे गादीवर समान वजनाच्या प्रतिस्पर्ध्यासमोर तेच त्यांचे भांडवल ठरले.

१९४८ साली लंडन ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली. प्रवासखर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तोवर माती हेच ज्याचे विश्व होते अशा बावीस वर्षांच्या तरुणाला लंडनमध्ये प्रथमच गादीवरच्या आंतरराष्ट्रीय नियमांच्या कुस्तीला सामोरे जावे लागले. तिथे रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकाचे मार्गदर्शन त्यांना लाभले. ५२ किलोंच्या फ्लायवेट गटात त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला व अमेरिकेच्या बिली जर्निगनला हरवले. इराणच्या मन्सूर रईसीकडून ते पराभूत झाले आणि सहावे आले. गादीची फारशी ओळख नसलेल्या मल्लाने जगात सहावे यावे हा चमत्कारच होता. पण त्या यशाने हुरळून न जाता खाशाबांनी त्यातून एक हिशेब काढला: मातीत कमावलेले डाव गादीवर निरुपयोगी नाहीत, फक्त त्यांना नियमांची, गुणांची आणि घड्याळाची जोड द्यावी लागेल. पुढची चार वर्षे त्यांनी त्या हिशेबात घालवली.

दोन राज्यांच्या मधला माणूस

या चार वर्षांत देशात एक मोठे स्थित्यंतर घडले, आणि खाशाबांच्या कहाणीत त्याचा फारसा उल्लेख होत नाही. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. लोकशाहीच्या दृष्टीने ते इष्ट आणि अटळ होते. त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. परंतु मल्लाला पोसणारा राजाश्रय त्यासरशी आटला, आणि त्याची जागा घेणारी नवी लोकाश्रयाची व्यवस्था अजून जन्माला यायची होती. १९४८ मध्ये खाशाबांच्या मागे एक राजा होता. १९५२ मध्ये त्यांच्या मागे एक प्रजासत्ताक असायला हवे होते. प्रत्यक्षात त्यांच्या मागे उभे राहिले ते एक प्राध्यापक.

हेलसिंकीला जाण्याआधी दोन लढती त्यांना आखाड्याबाहेर द्याव्या लागल्या. पहिली निवडीची. मद्रासच्या निवड स्पर्धेत एका गुणाच्या फरकाने आपल्यावर अन्याय झाला अशी त्यांची तक्रार होती. ते गप्प बसले नाहीत. त्यांनी दाद मागितली, निरंजन दास या नामवंत मल्लाशी पुन्हा लढत मिळवली आणि ती जिंकून आपला हक्क शाबीत केला. दुसरी लढत पैशाची. निवड झाली तरी जाण्याचा खर्च ज्याचा त्याने पाहायचा होता. मुंबई राज्य सरकारकडे चार हजार रुपयांसाठी केलेल्या विनवण्या वेळेवर फळाला आल्या नाहीत, असे त्यांच्या चरित्रकथेत नोंदलेले आहे. गोळेश्वरच्या ग्रामस्थांनी, कराड-कोल्हापूरच्या दुकानदारांनी आणि स्नेह्यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे वर्गणी घातली. तरीही तोंडमिळवणी होईना, तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे राहते घर गहाण टाकले आणि सात हजार रुपये उभे केले.

या घटनेकडे आपण सहसा हृद्य आठवण म्हणून पाहतो, डोळे पुसतो आणि पुढे जातो. थोडे थांबून पाहिले तर ती एक गंभीर नोंद आहे. स्वतंत्र भारताच्या पहिल्या वैयक्तिक ऑलिंपिक पदकाचे तारण एका शिक्षकाचे घर होते. ज्या पगारदार मध्यमवर्गीयाला आयुष्यात एकदाच घर बांधता येते, त्याने ते आपल्या माजी विद्यार्थ्याच्या मनगटावर पणाला लावले. हे खर्डेकरांचे मोठेपण निर्विवाद आहे. पण एखाद्याचे असे मोठेपण आवश्यक ठरावे, हे व्यवस्थेचे खुजेपण नव्हे काय?

अर्ध्या तासाचा प्रश्न

हेलसिंकीत खाशाबा ५७ किलोंच्या बँटमवेट गटात उतरले. कॅनडाच्या आद्रियँ पॉलिक्वॅनला आणि मेक्सिकोच्या लिओनार्दो बासुर्तोला त्यांनी चीत केले. जर्मनीच्या फर्डिनंड श्मिट्झवर गुणांनी मात केली. त्यानंतर गाठ पडली जपानच्या शोहाची इशी याच्याशी. ही कुस्ती पंधरा मिनिटे चालली आणि तीत खाशाबा गुणांवर हरले. तोच इशी पुढे सुवर्णपदकाचा धनी झाला, तेव्हा त्या पराभवात कमीपणाचे काही नव्हते. खरा घाव त्यानंतर बसला. इशीशी झुंजून अंगातला दम संपलेला असतानाच सोव्हिएत रशियाच्या रशीद मम्मदबेयोव्हशी लढण्यासाठी त्यांना लगेच पुन्हा गादीवर बोलावण्यात आले. दोन लढतींमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती मिळाली पाहिजे असा नियम होता. पण तो नियम पंचांसमोर ठेवायला, आपल्या मल्लाच्या वतीने हरकत घ्यायला त्या क्षणी एकही भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा लढले, हरले आणि कांस्यपदकाचे मानकरी झाले. मम्मदबेयोव्हला रौप्य मिळाले.

अर्ध्या तासाची विश्रांती मिळती तर पदकाचा रंग बदलला असता का, हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. मैदानावरच्या ‘जर-तर’ला उत्तर नसते. अर्थ आहे तो दुसऱ्या एका गोष्टीत. तराजूने दोघांना समान ठरवले होते. गादीवर दोघेही ५७ किलोंचे. परंतु गादीच्या कडेला एका बाजूला आपापल्या मल्लाची काळजी वाहणारी संघटना होती आणि दुसऱ्या बाजूला रिकामी जागा. समान वजनाच्या त्या दोन माणसांतली लढत तेवढ्यापुरती विषम झाली होती. वजनगट शरीरांची बरोबरी करतो. देशांची, संस्थांची आणि व्यवस्थांची बरोबरी तो करू शकत नाही. ती आखाड्याबाहेरच्या माणसांना करावी लागते. त्याच हेलसिंकीत महाराष्ट्राचा दुसरा मल्ल केशव माणगावे फेदरवेट गटात चौथा आला आणि त्याचे पदक अगदी थोडक्यात हुकले, हेही येथे विसरता कामा नये. म्हणजे गुणवत्तेचा दुष्काळ नव्हता. दुष्काळ होता तो पाठबळाचा.

खाशाबा परतले तेव्हा कराड स्थानकापासून गोळेश्वरपर्यंत बैलगाड्यांची भलीमोठी मिरवणूक निघाली. एरवी काही मिनिटांत पायी संपणारे ते अंतर ओलांडायला कित्येक तास लागले. लोकांनी आपल्या माणसाचे मोल ओळखले होते. आणि त्या माणसाने पहिली गोष्ट काय केली? त्याने कुस्त्यांची मैदाने भरवली, त्यांतून पैसा उभा केला आणि प्राचार्य खर्डेकरांचे घर गहाणातून सोडवले. पदकाच्या तेजापेक्षाही या कृतीचा उजेड अधिक काळ टिकणारा आहे.

वर्दीतली वर्षे

१९५५ साली खाशाबा मुंबई पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. दुखापतीमुळे १९५६ चे मेलबर्न ऑलिंपिक हुकले आणि आंतरराष्ट्रीय कारकीर्द तेथेच थांबली. पोलीस दलात त्यांनी सुमारे सत्तावीस वर्षे नोकरी केली, खात्याच्या स्पर्धा गाजवल्या, तरुण पोलिसांना कुस्तीचे धडे दिले. पण बढती मात्र संथ पावलांनी आली. साहाय्यक आयुक्त हे पद हाती आले ते निवृत्तीच्या उंबरठ्यावर. निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावे लागले. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेच्या ज्योत-दौडीत त्यांना सन्मानाने सहभागी करून घेण्यात आले, एवढाच राष्ट्रीय उजाळा त्यांच्या वाट्याला आला. १४ ऑगस्ट १९८४ रोजी एका रस्ता-अपघातात त्यांचा अंत झाला. त्याच पंधरवड्यात लॉस एंजेलिसचे ऑलिंपिक संपले होते, आणि भारताच्या खात्यावर एकही पदक नव्हते.

येथे पुन्हा रॉबिन्सनशी तुलना करण्याचा मोह होतो. आयुष्यात चाळीस लाख डॉलरच्या आसपास कमावूनही १९६५ मध्ये निवृत्त होताना रॉबिन्सनजवळ त्यातले काही उरले नव्हते. बाजाराने त्याला भरभरून दिले आणि तितक्याच वेगाने काढूनही घेतले. १९८९ साली तो वारला तेव्हा त्याची कीर्ती शाबूत होती, धन नव्हते. खाशाबांना बाजार भेटलाच नाही. त्यांना भेटली ती कचेरी: अर्ज, पृष्ठांकन, सेवापुस्तक, वरिष्ठांचा शेरा. एकाला गर्दीने वापरले, दुसऱ्याला फायलीने विसरले. दोघांचाही धडा एकच आहे की शूराच्या उत्तरायुष्याची तजवीज त्याच्या शौर्यावर सोपवून चालत नाही. मात्र एका बाबतीत खाशाबा अधिक भाग्यवान ठरले. आपल्या कष्टाने आपल्या गुरूचे घर सोडवल्याचे समाधान त्यांच्यापाशी होते, आणि ते कोणत्याही फायलीला हिरावून घेता आले नाही.

सन्मान आले, पण ते सारे मागाहून. २००० सालचा अर्जुन पुरस्कार मरणोत्तर. २०१० मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातील कुस्ती सभागृहाला त्यांचे नाव मिळाले. हयातीत पद्म पुरस्कार मात्र त्यांना एकही लाभला नाही. एखाद्या राष्ट्राला आपल्या कृतज्ञतेची आठवण व्हायला इतकी वर्षे लागावीत, यावर शब्द खर्च करण्याची गरज नाही. आकडे पुरेसे आहेत. भारताला दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला १९९६ उजाडावे लागले. लिअँडर पेसने ते टेनिसमध्ये मिळवले. मध्ये चव्वेचाळीस वर्षे गेली. कुस्तीतले दुसरे पदक २००८ मध्ये सुशील कुमारने आणले. मध्ये छप्पन्न वर्षे. आणि महाराष्ट्राला दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले ते कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे या नेमबाजाने, २०२४ मध्ये. मध्ये बहात्तर वर्षे. मध्य रेल्वेत तिकीट तपासनीसाची नोकरी करणाऱ्या या तरुणाने पॅरिसमध्ये जे केले त्याचा आनंद निर्भेळ आहे. पण बहात्तर हा आकडा मनातून जात नाही.

वारसा कोणाचा?

मग खाशाबांचा वारसा कोठे आहे? एका अर्थाने तो त्यांच्या वजनगटातच सापडतो. ज्या ५७ किलोंच्या गटात त्यांनी पदक मिळवले त्याच ५७ किलोंमध्ये हरियाणाच्या रवी दहियाने टोकिओत रौप्य आणि अमन सेहरावतने पॅरिसमध्ये कांस्य मिळवले. मुष्टियुद्धात आसामच्या लव्हलिना बोर्गोहाईंने टोकिओत ६९ किलोंच्या, म्हणजे रॉबिन्सनच्याच वेल्टरवेट नावाच्या गटात कांस्यपदक घेतले. थोराड देहाचे कौतुक करणाऱ्या या देशाला ऑलिंपिकच्या कुस्ती-मुष्टियुद्धात यश दिले ते बहुतांशी हलक्या आणि मध्यम वजनाच्या मुलामुलींनी. खाशाबांनी १९५२ मध्ये दाखवलेली वाट हीच होती. ती ओळखायला आपण अर्धे शतक घेतले.

पॅरिसच्या त्याच आठवड्याने आणखी एक गोष्ट शिकवली. ५० किलोंच्या गटात अंतिम फेरी गाठलेल्या विनेश फोगाटला अवघे १०० ग्रॅम वजन अधिक भरल्यामुळे बाद व्हावे लागले. आणि त्यानंतर दोनच दिवसांत अमन सेहरावतचे वाढलेले साडेचार किलोंहून अधिक वजन रातोरात उतरवण्यासाठी त्याचे प्रशिक्षक रात्रभर त्याच्यासोबत जागले. तराजू निर्दय असतो, कारण न्याय निर्दयच असावा लागतो. पण अमनच्या बाजूला ती रात्र जागणारी माणसे होती. १९५२ मध्ये खाशाबांच्या बाजूला ‘अर्धा तास थांबा’ एवढे तीन शब्द उच्चारणारा माणूस नव्हता. या दोन चित्रांमधले अंतर म्हणजे भारतीय क्रीडाव्यवस्थेने केलेली प्रगती. ती नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

मात्र ही प्रगती शिखरावरची आहे. पायथ्याशी काय आहे? येथे महाराष्ट्राला स्वतःकडे पाहावे लागते. आपल्या कुस्तीचा सर्वांत मोठा मान अजूनही महाराष्ट्र केसरीची गदा हाच आहे, आणि ती खुल्या, म्हणजेच वजनदारांच्या गटाची. ७४ किलोंच्या गटात आंतरराष्ट्रीय कुस्ती खेळणाऱ्या नरसिंग यादवने २०११ पासून लागोपाठ तीनदा ती गदा जिंकून अपवाद घडवला, हे खरे. पण अपवादाने नियम अधिकच उठून दिसतो. गदेच्या कुस्तीला हजारो प्रेक्षक आणि लाखांचे इनाम. आणि ५७ किलोंच्या गटातल्या राज्य विजेत्याचे नाव किती जणांना सांगता येईल? ज्या राज्याने आपला क्रीडा दिन ५७ किलोंच्या माणसाच्या नावे केला, त्याने आपले डोळे मात्र अजून अडीच मणांच्या माणसावरच लावून ठेवले आहेत. ही विसंगती दूर करायला शासननिर्णय लागत नाही. रसिकांनी आणि मैदान भरवणाऱ्यांनी मनात आणले तरी पुरे.

दुसरी बाजू नगरांची आहे. मीरा-भाईंदरचेच उदाहरण घ्यावे. मिठागरांच्या आणि कोळीवाड्यांच्या या भूमीवर १९८५ मध्ये नगरपालिका आली, २००२ मध्ये महानगरपालिका झाली. २००१ च्या जनगणनेत पाच लाख वीस हजारांच्या आसपास असलेली वस्ती २०११ मध्ये ८ लाख ९ हजारांवर गेली. या वस्तीत सातारा-सांगली-कोल्हापूरकडून आलेली कुटुंबे आहेत, कोकणातली आहेत, उत्तर प्रदेश, राजस्थान, गुजरातमधली आहेत. ज्यांच्या आजोबांच्या अंगाला तालमीची माती लागली होती अशी माणसे त्यांत पुष्कळ. आखाड्यांची परंपराही येथे अगदीच परकी नाही. पण जेथे जमिनीचा भाव चौरस फुटाने सांगितला जातो, तेथे बारा बाय बारा मीटरची कुस्तीची गादी ही पहिली अनावश्यक वस्तू ठरते. पहाटे पाचला उठून कचेरीची गाडी पकडणाऱ्या बापाला आणि खोलीच्या कोपऱ्यात अभ्यास करणाऱ्या पोराला आखाडा कोणी दाखवायचा? त्याच्या दुधाचा आणि खुराकाचा हिशेब कोणी मांडायचा? स्पर्धेचा प्रवेशअर्ज, वयाचा दाखला, प्रवासाचे तिकीट आणि नियमांचे पुस्तक घेऊन त्याच्यासोबत कोणी जायचे?

पूर्वी या प्रश्नांना ‘राजा’ हे उत्तर होते. आज ‘शासन’ आणि ‘महापालिका’ हे उत्तर असले पाहिजे, आणि ते मागण्याचा नागरिकांना पूर्ण अधिकार आहे. प्रत्येक प्रभागात निदान एक गादी, एक वजनकाटा आणि पगारी प्रशिक्षक ही मागणी अवाजवी नाही. तिचा खर्च एका उड्डाणपुलाच्या कोनशिला समारंभापुढे नगण्य ठरेल. पण खाशाबांच्या चरित्राचा धडा एवढ्यावर संपत नाही. राजा गेला होता आणि शासन अजून आले नव्हते, तेव्हा मधली पोकळी भरून काढली ती दुकानदारांनी, ग्रामस्थांनी आणि एका प्राचार्याने. लोकशाहीतही अशी पोकळी अधूनमधून पडतच राहते. योजना कागदावर असते आणि मुलगा दारात उभा असतो. त्या क्षणी मुलाच्या बाजूने कोण बोलते यावर पुढचे सारे अवलंबून असते.

हे बोलणे बहुधा शिक्षकाला किंवा कारकुनालाच करावे लागते. वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या बारक्या, चपळ मुलाकडे दुर्लक्ष न करता त्याला तराजूवर उभे करणे, त्याचा गट कोणता ते पाहणे, त्याला योग्य वस्तादाकडे पोचवणे हे शिक्षकाचे काम. त्याचा अर्ज वेळेवर पुढे सरकवणे, शेरा मारताना तारीख पाहणे, त्याचा प्रवासभत्ता स्पर्धा संपल्यावर न देता स्पर्धेपूर्वी त्याच्या हाती पडेल अशी काळजी घेणे हे कारकुनाचे काम. यांपैकी कशालाही घर गहाण टाकावे लागत नाही. खर्डेकरांना जे सात हजार रुपयांनी करावे लागले, ते आज पुष्कळदा एका वेळेवर केलेल्या सहीने होऊ शकते.

वजनकाटा माणसाला विचारतो, तू किती किलोंचा? खाशाबांनी प्रामाणिकपणे उत्तर दिले, सत्तावन्न. आणि तेवढ्या वजनात जे जे सामावू शकते ते सारे त्यांनी हेलसिंकीच्या गादीवर ओतले. त्याच काट्यावर आता त्यांच्या समाजाला उभे राहायचे आहे. एखाद्या लहान चणीच्या, लहान ऐपतीच्या मुलासाठी अर्धा तास थांबण्याची मागणी ठणकावून करण्याइतके वजन आपल्या संस्थांत, शाळांत आणि कचेऱ्यांत आहे की नाही, याचा निकाल पदकांच्या तक्त्यात लागणार नाही. तो मीरा-भाईंदरसारख्या नगरातल्या एखाद्या साध्या शाळेच्या कचेरीत, एखाद्या साध्या अर्जावर लागेल.